ऑपरेशननंतर पाणी किती, मीठ किती?

ऑपरेशन झालेल्यांच्या घरी भेटीस गेलो की आम्हांस दोन तऱ्हा दिसतात. एके घरी आजीबाई रुग्णाला पाणीच देऊ देत नाहीत. टाके पिकतील म्हणतात. दुसऱ्या घरी तांब्यावर तांब्या रिचवला जातो, कारण कोणी तरी 'भरपूर पाणी पी' असे सांगितलेले असते. आमच्या मते दोघांचेही चुकते. पाणी प्याल्याने टाके पिकत नाहीत. मात्र ऑपरेशननंतर काही दिवस शरीर पाणी धरून ठेवते. तेव्हा नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते, डोके दुखते, मळमळते, माणूस बरळतो, झटकेही येतात. घरच्यांना तो अशक्तपणा वाटतो व ते आणखी पाणी पाजतात. सलाइनच्या बाटलीत लिटरला 9 ग्रॅम मीठ असते, ते उगाच नव्हे.

उकाई-काकरापारच्या कालव्यांवर निचरा नसलेली शेते जादा पाण्याने खारावलेली आपण पाहिली आहेत. शरीरात उलटे होते, एवढेच.

लहान आतड्याला पोटावर वाट काढून पिशवी लावलेल्यांनी तर फारच जपावे. साधे पाणी त्यांच्या आतड्यात शरीरातले मीठ ओढून घेते आणि दोन्ही पिशवीवाटे निघून जातात. असा एक शेतकरी बांधव उन्हाळ्यात माठ रिकामा करी, तरी जीभ कोरडीच! डॉक्टरांनी साधे पाणी मोजून दिले, मीठ-साखरेचे पाणी सुरू केले, तेव्हा तो उठून बसला. मीठ आणि साखर जोडीने आतड्यातून पाणी आत घेतात. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ असताना सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच उपायाने असंख्य जीव वाचवले. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. पिशवीवाल्यांना मीठ अधिक लागते, ते डॉक्टरांनीच ठरवावे.

हृदय, मूत्रपिंड वा रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे ऐकून मीठ वाढवू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळेही विचारूनच द्यावे. दवाखान्यातून निघताना दिवसाला किती पाणी, किती मीठ, हे कागदावर लिहून मागा. मागायला लाजू नका. बियाणे घेताना आपण दुकानदाराला दहा प्रश्न विचारतोच ना?

आणखी एक. ख्रिस्तप्रसाद घ्यायचा म्हणून काही वृद्ध माता ऑपरेशननंतरही सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत. पोप बारावे पायस यांनी 1953 सालीच पाण्याने हा उपवास मोडत नाही असे ठरवले. आज औषधानेही मोडत नाही, आणि आजारी, वृद्ध व त्यांची शुश्रूषा करणारे यांना तर एक तासाचा नियमही लागू नाही. अशा एका मातेला घेरी आली तेव्हा आम्ही मिस्सा थांबवून तिला पाणी पाजले. ती विचारत होती, "फादर, आता प्रसाद चालेल ना?"