डोळे क्योटोकडे, पाठ मैलापूरकडे

आमच्या मराठी अधिकारीवर्गात अलीकडे जपानची वारी हा मोठा प्रतिष्ठेचा विषय होऊन बसला आहे. कोणी प्रशिक्षणाच्या निमित्ताने जातो, कोणी पदरमोड करून जातो. पण परत आला की क्योटोची देवळे, चेरीचा बहर आणि तिथली मिठाई यांचे वर्णन करताना त्याचा कंठ दाटून येतो. वसंतात चेरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला गुलाबी मोची, ३० जूनला खायची बर्फाच्या तुकड्यासारखी त्रिकोणी 'मिनाझुकी', शरदातल्या चंद्रदर्शनाचे ते पांढरे गोळे! ऋतू जिभेवर उतरवणारी ती माणसे खरोखरच रसिक आहेत. त्याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद आमच्या रसिकतेशी आहे. कारण हाच गृहस्थ सहा-सात वर्षे चेन्नईत काढतो आणि ऐटीत सांगतो की, इथे ऋतू तीनच : उन्हाळा, कडक उन्हाळा आणि बदलीची वाट.

हे अज्ञान आहे, आणि ते विनोद म्हणून मिरवले जाते याचा मला अधिक राग येतो. आपला पाऊस परतला की इथला सुरू होतो. वर्षाच्या पावसाचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. कार्तिकात पणत्या लागतात त्या ओल्या उंबऱ्यांवर, आणि त्यांच्याबरोबर गुळात वळलेले पोरीचे लाडू येतात. मग मार्गळी. पहाटेच्या अंधारात दारापुढे कोलम पडतो, त्यात शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचे पिवळे फूल खोवतात. आंडाळच्या 'तिरुप्पावै'तली ३० पदे, रोज एक याप्रमाणे, देवळादेवळांतून म्हटली जातात. आणि २७ व्या दिवशी दूध, तांदूळ, गूळ व अपार तूप यांचे अक्कारवडिसल नैवेद्याला येते. आमच्या एका वरिष्ठांनी त्याची 'गोड खिचडी' अशी वासलात लावली. क्योटोत लाल वाटाण्यासारख्या डाळीचे सारण त्यांनी डोळे मिटून चाखले होते! एप्रिलच्या मध्यावर तमिळ नववर्षाला कैरी, गूळ आणि कडुलिंबाची फुले यांची पच्चडी करतात. पाडव्याला कडुलिंब खाणाऱ्या माणसाला यात ओळखीचे काहीच वाटू नये?

मला सर्वांत मौजेची वाटते ती एका मिठाईची गोष्ट. जपानात आपल्या गणपतीला कांगितेन म्हणतात. त्याच्यासाठी क्योटोत 'कान्किदान' नावाचा पदार्थ आजही होतो : थैलीसारखा, वर चुण्या घालून तोंड मिटलेला, आत गोड सारण, तिळाच्या तेलात तळलेला. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिथे पोचलेला तो आपला मोदकच. त्याच मोदकाचा सख्खा भाऊ, तांदळाच्या उकडीत गूळखोबरे भरलेले कोळुकट्टै, विनायक चतुर्थीला मैलापूरच्या घरोघरी वाफेवर शिजत असते. आमची मंडळे त्या दिवशी मोदक पुण्याहून मागवतात!

'तमिळ येत नाही हो,' हे नेहमीचे उत्तर. जपानी येत होते काय? तिथे भाषेची अडचण हे गूढ ठरते आणि इथे मात्र तो गैरसोयीचा मुद्दा होतो. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे : परमुलखात आपली संस्कृती जपायला हवी. अवश्य जपावी. पण ती शेजाऱ्याकडे पाठ फिरवून जपली जाते, हे कोणी सांगितले? तंजावरच्या भोसल्यांनी १६७६ पासून १८५५ पर्यंत या मुलखात राज्य केले. सरफोजींच्या काळात, १८०३ मध्ये, त्यांनी आपल्या घराण्याचा मराठी इतिहास खोदवला तो चोळांच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर. मराठी कीर्तनातली साकी, दिंडी आणि ओवी इथल्या हरिकथेत जाऊन बसली. पश्चिम मांबलममध्ये तव्यावरून उतरणारी 'बोळी' तर आपली पुरणपोळीच आहे. त्यांचे मराठीपण यात बुडाले नाही. आपलेच एवढे नाजूक कसे?

माझ्यासारख्या कारकुनाला क्योटो परवडत नाही म्हणून मैलापूर गोड लागते, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. मला चिंता मुलांची आहे. ती इथे पहिलीत जातात, इथेच दहावी होतात, आणि नवरात्रात समोरच्या घरी मांडलेला गोलू त्यांनी कधी पाहिलेला नसतो. त्या घरच्या बाई आपल्या हळदीकुंकवासारखेच बोलावणे करतात, हातावर सुंडल ठेवतात. आपण मंडळाच्या कार्यक्रमाची सबब सांगून ते टाळतो. आईबापांची बदलीची वाट पाहण्यात त्या पोरांचे अख्खे बालपण फलाटावर बसल्यासारखे जाते. पुढे त्यांना कोणी विचारले, 'तू कुठला?' तर पुणे सुट्टीपुरते आणि चेन्नई पत्त्यापुरती, एवढेच त्यांच्यापाशी उरते.

मार्गळी डिसेंबरच्या मध्याला लागते. कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या माड वीथींतून भजनाची दिंडी निघते ती पहाटे, आणि कचेरी उघडण्याच्या कितीतरी आधी संपते. त्यासाठी किरकोळ रजेचा अर्जसुद्धा लागत नाही.