कोरडे वंगण

वंगण म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे तेल किंवा ग्रीस उभे राहते, आणि ते साहजिकच आहे. संस्कृतात तेलातुपाला आणि मायेला 'स्नेह' हा एकच शब्द. अभ्यंगाचे गुण सांगताना चरकाने दाखला दिला आहे तोही गाडीच्या आखाचा : वंगण दिलेला आख जसा बळकट व कष्ट सोसणारा होतो, तसे तेल चोळल्याने शरीर होते. परंतु जेथे स्नेहच जळून जातो तेथे काय करावे, हा प्रश्न गेल्या भाद्रपदात आमच्यापुढे आला.

आमचा एक जुना विद्यार्थी पेणजवळ पोह्यांची गिरण चालवितो. भात भिजवावयाचे, निथळावयाचे, तापलेल्या वाळूत भाजावयाचे आणि गरम असतानाच चेपावयाचे, असा हा उद्योग. भाजण्याच्या ढोलाचे भट्टीकडील बेअरिंग वारंवार जाम होई. कामकरी मुलगा त्यावर तेल ओती; तेल धुरावे, कोंडा त्यात चिकटून त्याची कणीक व्हावी. एके दिवशी त्या तेलकट कोंड्याने पेट घेतला आणि मुलाचा हात भाजला. हात बरा झाला, परंतु आमचा विद्यार्थी हादरला. ''गुरुजी, दिवाळी महिन्यावर आली. कोणी म्हणतो ग्राफाइट घाला, कोणी म्हणतो मॉली, कोणी टेफ्लॉन. ऐकू कोणाचे?''

आम्ही यंत्रज्ञ नव्हे. परंतु पुस्तके काढली, रोह्याच्या धाटाव वसाहतीत फिटर असलेल्या आमच्या पुतण्यास बोलाविले, आणि जे उमगले ते येथे देतो.

ग्राफाइट म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतील काळा पदार्थ. त्यात शिसे मुळीच नसते, निव्वळ कार्बन असतो. त्याचे थर पत्त्यांच्या जुडीप्रमाणे एकमेकांवरून सरकतात. मॉलिब्डेनम डायसल्फाइड दिसावयास तसेच काळे व तसेच थरांचे. 'मॉलिब्डेनम' ह्या नावाचे मूळही ग्रीक भाषेतील शिशाच्या नावात आहे. शिसे, ग्राफाइट आणि हे खनिज ह्यांचा घोटाळा कित्येक शतके चालला होता. शेले नावाच्या रसायनज्ञाने १७७८ साली हे खनिज निराळे असल्याचे दाखविले. दिसण्यात जुळे, स्वभावात मात्र उलट! ग्राफाइटला थोडी आर्द्रता लागते. अगदी कोरड्या हवेत किंवा निर्वात जागी ते घासून झिजते. मॉली निर्वातात उत्तम चालते, म्हणून अवकाशयानांत वापरतात. दमट हवेत तिचा गुण उतरतो. आमच्या कोकणात, धरमतरच्या खाडीवरून वारा येतो तेथे, कोणाची निवड करावी हे ह्यावरून दिसेल.

उष्णतेचेही पाहावे. साधे लिथियमचे ग्रीस सुमारे १२० अंश सेल्सिअसपुढे टिकत नाही. टेफ्लॉन २६० पर्यंत, मॉली हवेत साडेतीनशेच्या आसपास, ग्राफाइट साडेचारशेच्या आसपास. धाटावसारख्या ठिकाणी, जेथे आम्लांशी गाठ असते, तेथे टेफ्लॉनचा मान पहिला, कारण त्यास जवळजवळ कोणतेच रसायन बाधत नाही. १९३८ साली अमेरिकेत प्लंकेट ह्यांस ते अवचित सापडले. त्यात खोड एवढीच की ते मऊ आहे. भार जास्त झाला की हळूहळू पसरते, आणि उष्णता वाहून नेत नाही. शिवाय त्याची पूड बोटांस असताना विडी ओढू नये. जळत्या टोकाशी पूड लागली तर जो धूर निघतो त्याने ताप भरतो. पुतण्याने हे आवर्जून सांगितले.

मग भट्टीस ग्राफाइट असे ठरले. परंतु पोहे पांढरे आणि ग्राफाइट काळे! अन्नात काजळी पडली तर गिऱ्हाईक एकदाच येईल. म्हणून आम्ही सुचविले ते असे : शाफ्ट लांबवून बेअरिंग भट्टीच्या भिंतीपासून दूर न्यावे, मध्ये पत्र्याचा आडोसा घालावा, आणि त्या जागी ग्राफाइटचा घडीव बुश बसवावा. पोह्यांच्या वाटेवरील थंड सांध्यांस टेफ्लॉनचे बुश. ग्राफाइटची पूड विजेच्या मोटारीजवळ जाऊ देऊ नये, कारण ते विजेचे वाहक आहे.

येथे एक इशारा. आमच्या शेजाऱ्यांनी हे ऐकून खारबंदिस्तीच्या उघाडीच्या लोखंडी बिजागरीस ग्राफाइट चोळण्याचे मनात आणले होते. तसे करू नये. खाऱ्या पाण्यात ग्राफाइट व लोखंड एकत्र आले की लोखंड अधिक वेगाने गंजते. तेथे जाड ग्रीसच बरे. आणि एकूणच जेथे तेल टिकते तेथे कोरड्या वंगणाच्या भानगडीत पडू नये. तेल उष्णता नेते, गंज रोखते, संपले तर पुन्हा घालता येते. कोरडा लेप एकदा झिजला की झिजला. लेप द्यावयाचा तर आधी धातूवरील तेलाचा अंशही पुसावा लागतो, नाहीतर तो धरत नाही. घरच्या कुलपास मात्र शुद्ध ग्राफाइटची चिमूटभर पूड घालण्यास हरकत नाही. पेन्सिलीची पूड नको, तीत चिकणमाती मिसळलेली असते.

बुश धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी बसला. तो दर महिन्यास मोजून झीज वहीत टिपावयाची, हे काम त्या भाजलेल्या हाताच्या मुलाकडेच दिले आहे. दिवाळीत पोह्यांची पिशवी आली, तेव्हा आमच्या घरात सुनांनी ते सुपात पसरून काळा कण शोधून पाहिला. सापडला नाही.