‘अजून निश्चित सांगता येत नाही’

पावसाळा आला की घरोघरी तापाचे रुग्ण दिसू लागतात आणि कुटुंबीयांचा डॉक्टरांना पहिला प्रश्न असतो, ‘हा ताप कसला?’ ‘अजून निश्चित सांगता येत नाही,’ असे प्रामाणिक उत्तर मिळाले की अनेकांचा विश्वास डळमळतो. सायंकाळी दुसरा दवाखाना, दुसऱ्या दिवशी मिरज, अशी धावाधाव सुरू होते. तपासण्या पुन्हा होतात, औषधे बदलतात.

वस्तुतः आरंभी अनेक तापांची लक्षणे सारखीच असतात. विषमज्वराची विडाल तपासणी पहिल्या आठवड्यात फसवी ठरू शकते. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या काही दिवसांत उपयोगी, तर प्रतिपिंडांची तपासणी साधारणतः पाच दिवसांनंतर. काही निदाने काळच स्पष्ट करतो. अशा वेळी रुग्णाच्या समाधानासाठी खात्रीचे नाव सांगून प्रतिजैविक लिहून देणे सोपे असते; पण खरा आजार मागे राहिला, तर त्याची किंमत रुग्णच मोजतो.

मात्र ‘माहीत नाही’ एवढे म्हणून डॉक्टरांचे कर्तव्य संपत नाही. ब्रिटनमधील कुटुंबवैद्य रॉजर नेबर यांनी १९८७ साली आपल्या ग्रंथात ‘सेफ्टी नेटिंग’, म्हणजे सुरक्षेचे जाळे, ही कल्पना मांडली. माझा अंदाज बरोबर असेल तर पुढे काय घडेल, तो चुकला हे कशावरून कळेल आणि तेव्हा काय करायचे, याचा विचार डॉक्टरांनी आधीच करावा, असा तिचा आशय. डेंग्यूचा संशय असेल तर ‘ताप उतरला म्हणून निर्धास्त राहू नका, पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा ग्लानी दिसल्यास तत्काळ या,’ हे वाक्य प्राण वाचवू शकते.

असे बोलणे शिकवावे लागते. वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती व संवाद यांचा ‘एटकॉम’ हा विभाग देशभर समाविष्ट झाला. आपल्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनाही तो लागू आहे. निदान व उपचारांचे पर्याय रुग्णास समजावून सांगण्याचा सराव त्यात अपेक्षित आहे. अनिश्चितता स्पष्टपणे आणि धीर न खचवता सांगणे, ही त्या सरावाची खरी कसोटी होय.

हे शिक्षण सफल होण्यास आपलीही साथ हवी. उद्याचा गुळाचा भाव छातीठोकपणे सांगणाऱ्यावर आपण बाजारात विश्वास ठेवत नाही. मग दवाखान्यात तीच अपेक्षा का धरावी? डॉक्टरांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: सध्या कोणकोणत्या शक्यता वाटतात, कोणती लक्षणे धोक्याची समजावीत आणि पुन्हा केव्हा यावे? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. आणि ही चर्चा केवळ घरातील कर्त्या पुरुषाशी न होता रुग्णासमोर व्हावी, मग ती सून असो वा आजी. रात्री त्रास वाढला, तर तो प्रथम तिलाच जाणवणार असतो.