पायांची लाज, गडाचा सोस

पावसाळ्यातल्या कोणत्याही रविवारी सकाळी देवगिरी किल्ल्याच्या अंधारीपाशी, म्हणजे त्या काळोख्या भुयारी वाटेपाशी, उभे राहावे. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहराची प्रकृती कळायला दवाखान्यात जावे लागत नाही. महाकोटातून चांदमिनारापर्यंत हसत-खिदळत, फोटो काढत आलेली मंडळी खंदकाचा पूल ओलांडला की हळूहळू गप्प होतात. अंधारीतून बाहेर पडेपर्यंत पंचविशीतल्या पोरांना धाप लागलेली असते. कुणी भिंतीला टेकतो, कुणी गुडघ्यावर हात ठेवून वाकतो. पुष्कळ जण बारादरीच्या कितीतरी अलीकडूनच परततात आणि खालून येणाऱ्यांना सांगतात, "वर काही नाही बघण्यासारखं." हा डोंगर आहे जेमतेम दोनशे मीटर उंचीचा. पायथ्याशी गाडी जाते, वरपर्यंत पायऱ्या आहेत. पायांतल्या बुटांवर आणि पाठीवरच्या सॅकवर मात्र हजारो रुपये खर्च झालेले असतात. याच मंडळींच्या मोबाइलमध्ये पुढच्या महिन्याच्या हरिहरची, कळसूबाईची, डिसेंबरातल्या हिमालयाची नोंदणी झालेली असते.

याला आळस म्हणून सोडून देता येत नाही. आळस ही एकट्यादुकट्याची खोड असते. इथे अख्ख्या समाजाला धाप लागली आहे आणि तिचे कारण फुप्फुसात शोधून सापडणार नाही. चालणे, चढणे, ओझे उचलणे ही कामे आपण पिढ्यानुपिढ्या हलकी ठरवली. ज्यांच्या खांद्यावर ती लादली त्यांनाही हलके ठरवले. आता तेच काम चार तासांपुरते, पैसे मोजून, रंगीत टी-शर्ट घालून हौसेने करायला निघालो आहोत, तर शरीर साथ देत नाही. त्याने का द्यावी?

शरीर घडण्याचा नियम फार साधा आहे. स्नायूंवर, हृदयावर सोसेल एवढा ताण द्यायचा, पोटाला पुरेसे अन्न द्यायचे आणि झोप-विश्रांती द्यायची. ताणाने झालेली झीज विश्रांतीत भरून निघते आणि शरीर आधीपेक्षा थोडे बळकट होते. श्रम, अन्न आणि विश्रांती या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या पाहिजेत, एवढीच अट आहे. आपल्या समाजाने नेमकी हीच अट मोडली. श्रम एका घरी पाठवले, अन्न आणि विश्रांती दुसऱ्या घरी. पहिल्या घरातली शरीरे झिजली, दुसऱ्या घरातली सुटली.

कन्नड-पैठणच्या आणि बीडच्या खेड्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी जोडपी पाहा. डोक्यावर उसाची मोळी घेऊन, अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई तोल आणि ताकद या दोन्हींत कोणत्याही ट्रेकरला भारी पडेल. पण तिला रात्रीची पुरती झोप नाही, ताटात सकस अन्न नाही, पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही. म्हणून ते श्रम तिला घडवत नाहीत, मोडतात. इकडे सिडकोतल्या फ्लॅटमध्ये ताटात सगळे आहे, सोफ्यावर विश्रांतीही मुबलक आहे; फक्त श्रम नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा आकडा दहा कोटींवर गेला. अन्नाच्या आणि श्रमाच्या या फारकतीचेही हे बिल आहे.

श्रमाची ही लाज आपल्या रोजच्या बोलण्यात मुरली आहे. जालना रोडच्या कडेने पायी चालणारा ओळखीचा माणूस दिसला की आपण गाडी थांबवून काळजीने विचारतो, "काय झालं, गाडी बंद पडली का?" आपल्या शहरात धडधाकट माणूस चालतो तो एक तर गरीब असतो किंवा त्याला डॉक्टरने सांगितलेले असते. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला स्कूटी लागते. दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट पाहिली जाते. "माझ्या लेकराला मी कधी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही," असे आई अभिमानाने सांगते आणि ऐकणारे माना डोलावतात. त्या मुलाचे हात तिने मायेने निकामी केले, हे तिला कोण सांगणार? अजिंठ्याच्या लेण्यांत वृद्धांसाठी, अपंगांसाठी डोलीची सोय आहे आणि ती असलीच पाहिजे. पण जिने चढायचा कंटाळा म्हणून तिशीतला माणूस चार जणांच्या खांद्यावर बसतो तेव्हा वाकाटकांच्या काळातली कला पाहायला तो आपल्या काळातली सरंजामशाही सोबत घेऊन जातो.

जातीचा प्रश्न इथे कशाला, असे कुणी म्हणेल. त्याने याच देवगिरीच्या दारात १९३४ साली काय घडले ते आठवावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत ते किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेले हातपाय मंडळींनी दरवाजाजवळच्या हौदावर धुतले, तर हौद बाटवला म्हणून लोक शिवीगाळ करत धावून आले. शेवटी किल्ला पाहू दिला तो आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. गड चढणाऱ्या माणसाची पहिली गरज पाणी. तेच ज्यांना नाकारले त्यांच्या लेकरांनी गिर्यारोहणाची हौस करायची कशी आणि कधी? ज्यांना पाणीही मोकळे होते आणि वाटही, त्यांनी तरी पाय कुठे वापरले?

याच महाराष्ट्रात शरीर आणि सुधारणा यांचे नाते वेगळे होते. जोतीराव फुले लहुजी वस्तादांच्या तालमीत घाम गाळत होते. पुढे समाजाचा रोष झेलणारी छाती त्या तालमीतही घडली. एकनाथ पैठणहून जनार्दनस्वामींच्या शोधात देवगिरीला आले ते लहान वयात, पायी, असे परंपरा सांगते. पैठणहून नाथांची पालखी आजही आषाढीला पायी पंढरपूरला जाते. त्या दिंडीतली साठीची म्हातारी रोज वीस किलोमीटर चालते, रात्री भाकरी खाऊन निजते आणि पहाटे पुन्हा उठते. तिला आपण भाविक म्हणून हात जोडतो, पण तिचे पाय पाहत नाही. आयुष्यभर शेतात राबल्यामुळे ते पाय तिला वारी घडवतात, हे आपल्या ध्यानात येत नाही.

बायकांच्या बाबतीत तर आपला गुन्हा दुहेरी आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के. घर झाडणारी, धुणीभांडी करणारी बाई दिवसभर उभी असते, थकते. पण हृदयाचा दम वाढवणारी चाल तिच्या वाट्याला येत नाही आणि थकव्यानंतरची विश्रांतीही येत नाही. पैठणला नाथसागर जलाशय भरलेला असताना या शहरात वर्षानुवर्षे दिवस मोजत नळाच्या पाण्याची वाट पाहिली गेली. पाणी रात्री-बेरात्री आले तर उठायचे कुणी? तिनेच. मग पहाटे साडेपाचला ती गोगाबाबा टेकडीवर कशी जाईल? आणि गेलीच, तर एकटी जाणाऱ्या बाईकडे वळणाऱ्या नजरा आणि "या वयात हे काय नवीन," हा घरचा प्रश्न तिची वाट पाहत असतोच. ट्रेकला जाऊ का, असे सून विचारते तेव्हा उत्तर हवामानावर ठरत नाही, सासूच्या चेहऱ्यावर ठरते.

तरीही याच शहरातून रफिक शेख हा पोलीस शिपाई एव्हरेस्टवर पोहोचला. २०१४ मध्ये हिमस्खलनाने आणि २०१५ मध्ये नेपाळच्या भूकंपाने वाट अडवली, २०१६ मध्ये तो शिखरावर उभा राहिला. मनीषा वाघमारे २०१७ मध्ये शिखर जवळ आलेले असताना मागे फिरल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा जाऊन वर पोहोचल्या. आपण काय केले? शाल दिली, श्रीफळ दिले, चौकात फलक लावले. एका शाळेचे तरी मैदान संध्याकाळी मुलींसाठी उघडले का? वीरांचा सत्कार करणे स्वस्त असते. त्यांच्यासारखी दुसरी पोरगी घडवायची तर घरातली कामाची वाटणी बदलावी लागते, त्याला आपली तयारी नाही.

मुलांचे आपण काय केले ते तर उघड आहे. पी.टी.चा तास गणिताच्या मास्तरांनी घ्यायचा, हा शाळांतला अलिखित नियम झाला आहे. शाळेतून क्लास, क्लासमधून घर, घरी मोबाइल. वसाहतींच्या आराखड्यात खुली जागा म्हणून दाखवलेले तुकडे जाऊन पाहा: कुठे मांडव, कुठे वाहनतळ, कुठे नुसता कचरा. बारा वर्षे खुर्चीत वाढवलेले हे पोर अठराव्या वर्षी गडावर पाठवायचे आणि त्याच्या पायात गोळे आले की "आजकालची पिढीच नाजूक," म्हणायचे, हा कुठला न्याय?

देवगिरीची एक जुनी कथा आहे. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी चालून आला तेव्हा किल्ल्यात धान्य म्हणून भरलेली पोती ऐनवेळी मिठाची निघाली, असे सांगतात. गड बळकट होता. आत शिदोरी नव्हती. आपला आजचा ट्रेकर असाच आहे. सामान भारी, आत मीठ. त्याची किंमत तो एकटाच मोजत नाही. वाटेत बसलेल्या माणसाची सॅक दुसऱ्याला घ्यावी लागते, सगळ्या गटाला अंधार होतो. घसरलेल्याला काढायला पायथ्याच्या गावातली पोरे दोर घेऊन उतरतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र संस्थेचे स्वयंसेवक वर्षानुवर्षे रात्री-अपरात्री असेच धावून जातात. तयारी न करता डोंगरावर जाणे म्हणजे आपले ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे. जुनी वेठबिगारी आणि ही हौस यांत मला फारसा फरक दिसत नाही. जे आयोजक ऑनलाइन पैसे घेतात आणि "रोज किती चालता? रक्तदाब आहे का?" एवढेही विचारत नाहीत, ते या पापाचे भागीदार आहेत.

आणि तयारी अवघड आहे का? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगते. आधी सपाटीवर भरभर चाला. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. हे अंगवळणी पडले की आठवड्यातून दोनदा गोगाबाबा टेकडी किंवा औरंगाबाद लेण्यांच्या पायऱ्या. इमारतीचे जिने तर फुकट आहेत. चढताना दम जातो, पण गुडघे दुखतात ते उतरताना, कारण अंगाचा भार मांडीच्या स्नायूंनी पेलायचा असतो. त्यासाठी बैठका मारा आणि जिने सावकाश उतरण्याचा सराव करा. सॅकमध्ये आधी दोन-तीन किलो, मग आठवड्या-आठवड्याने थोडे वाढवा. नवे बूट गडावर पहिल्यांदा घालू नका, ते आधी महिनाभर गल्लीत वापरा. मराठवाड्याच्या उन्हाची शरीराला सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. पाणी, मीठ, गूळ जवळ ठेवा. चाळिशी ओलांडली असेल तर आधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तीन महिन्यांनी भांगसी मातेचा गड आणि न थांबता देवगिरी. मग वेताळवाडी, सुतोंडा, अंतूर, गौताळ्याची रानवाट. सह्याद्री त्यानंतर. आपल्या जिल्ह्याच्या अंगणात एवढे किल्ले आणि डोंगर असताना नाशिक-पुण्याची बस पकडण्याआधी ते पायाखाली घालावेत.

पण एकट्याने तयारी करून हा हिशेब मिटणार नाही. तुम्ही रोज पहाटे टेकडीवर जाता आणि घरी चहा, डबे, पाणी बायकोच्या माथी असते, तर तुमची तंदुरुस्ती तिच्या झोपेतून चोरलेली आहे. आठवड्यातले तीन दिवस स्वयंपाकघर तुम्ही सांभाळा आणि तिला टेकडीवर जाऊ द्या. शाळेच्या पालकसभेत गुणांआधी पी.टी.च्या तासाचा जाब विचारा. नगरसेवकाकडे कमानी आणि फलक मागू नका. चालता येईल असा पदपथ, दिवे लागलेले मैदान आणि वेळेवर पाणी मागा. घरी काम करणाऱ्या मावशींना आठवड्याची पगारी सुट्टी द्या. त्यांच्या शरीरालाही विश्रांतीचा तेवढाच हक्क आहे. गडावर आपली सॅक आपणच उचला आणि आपला कचरा आपणच खाली आणा.

श्रम, अन्न आणि विश्रांती यांची वाटणी जात, पैसा आणि लिंग पाहून होते तोवर हा समाज आजारीच राहणार. गड चढण्याची लायकी हवी असेल तर पायी चालणाऱ्याची कीव करणे आणि ओझे वाहणाऱ्याला तुच्छ लेखणे आजच सोडा.