रुसलेली मोटार

उत्तरपाड्याहून ॲम्बॅसडर निघावयाची २०१४ साली थांबली. तरी कित्येक घरांत ती जपलेली आहे. महिनोन्‌महिने उभी राहिलेली मोटार रुसली, तर क्रमाने पाहावे असे आम्ही सुचवितो. विसावलेल्या भरलेल्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट असतात. टोकांवरील बुरशी घासून काढावी. बऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात कार्बुरेटरमधील पेट्रोल उडून जाते. पंपाला हाताची कळ असल्यास ती दाबून ते भरावे. हल्लीच्या पेट्रोलमधील २० टक्क्यांपर्यंतचे इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. म्हणून गळती पाहिल्यावाचून ठिणगी तपासू नये. आणि बंद गॅरेजात इंजिन कदापि चालवू नये, ही आमची कळकळीची विनंती. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ते माणसाला सावध होऊ देत नाही. आधी दार उघडावे, मगच किल्ली फिरवावी.