विश्लेषण : फ्लॉपी ड्राइव्ह भंगारात देण्याआधी काय तपासाल?

शहापूर, मुरबाडमधील एखाद्या जुन्या डीटीपी केंद्राच्या, शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या कपाटात आजही फ्लॉपींचा डबा सापडू शकतो. त्या वाचायला घ्याव्यात, तर ड्राइव्ह बंद असतो. मग दोन्ही भंगारात जातात. मात्र बंद पडलेल्या ड्राइव्हमध्ये अनेकदा एखादाच लहान भाग खराब झालेला असतो. तो कसा ओळखायचा, काय बदलता येते आणि हा खटाटोप करायचा कशासाठी?

फ्लॉपीत एवढे काय असते?

साडेतीन इंची फ्लॉपीची क्षमता १.४४ एमबी. मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात सहसा मावणार नाही. पण मजकुरासाठी ही जागा पुरेशी होती. १९९० च्या दशकात श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरवर मराठी मजकूर टाइप व्हायचा, पेजमेकरमध्ये पाने लागायची आणि फ्लॉपी छापखान्यात जायची. स्मरणिका, वार्षिक अहवाल, कार्यक्रमपत्रिका असे बरेच काही तिच्यावर असे. छापील प्रत हरवली असेल, तर ती फ्लॉपी हीच एकमेव प्रत ठरू शकते.

सोनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली. त्याच जपानच्या सरकारी नियमांतून फ्लॉपी पूर्णपणे हद्दपार व्हायला मात्र २०२४ उजाडले. तंत्रज्ञान बाजारातून जाते, त्यावरची माहिती मागे राहते.

ड्राइव्ह का बिघडतो?

भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे ज्या तालुक्यात आहेत, तिथल्या पावसाबद्दल वेगळे सांगायला नको. दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते. अशी फ्लॉपी आत घातली की बुरशी हेडला चिकटते आणि तोच घाण हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे पाडतो. याशिवाय वापर नसल्याने वंगण सुकते, कपॅसिटर गळतात आणि जोडण्यांवर गंज चढतो.

नेमका कोणता भाग खराब आहे?

लक्षणांवरून बराच अंदाज येतो.

दिवा सतत पेटलेला : बहुधा ३४ पिनांची पट्टी केबल उलटी लागली आहे. अशा वेळी फ्लॉपी आत घालू नये, डेटा पुसला जाऊ शकतो.

दिवा नाही, हालचालही नाही : आधी वीजपुरवठा तपासावा. लाल तारेवर ५ व्होल्ट आणि पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट मिळायला हवेत. काही ड्राइव्ह फक्त ५ व्होल्टवरच चालतात.

घरघर किंवा अडखळण्याचा आवाज : हेड पुढेमागे नेणाऱ्या स्टेपर मोटरच्या स्क्रूवरील वंगण घट्ट झाले आहे.

चकती फिरते, पण वाचत नाही : हेड घाण झालेला असतो किंवा जागेवरून सरकलेला असतो.

फ्लॉपी बदलली तरी आधीचीच फाइल-यादी दिसते : फ्लॉपी बदलल्याचा सिग्नल संगणकापर्यंत पोहोचत नाही. आतला स्विच किंवा केबल पाहावी.

सर्किट बोर्डवर काळपट डाग, हिरवट गंज, माशासारखा वास : कपॅसिटर गळला आहे.

काय बदलता येते, काय नाही?

कपॅसिटर बदलता येतो. नवा घेताना मायक्रोफॅरडची किंमत तीच हवी, व्होल्टेज तेवढेच किंवा जास्त चालते. धन-ऋण बाजू उलटी झाली तर नवा कपॅसिटरही जाईल. गळलेले रसायन पुसल्याशिवाय नवा लावू नये. काही जुन्या सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये रबरी पट्टा असतो. तो सैल किंवा चिकट झाला असेल, तर त्याच मापाचा बसवता येतो. स्विच, केबल आणि कनेक्टर दुसऱ्या बंद ड्राइव्हमधून काढून वापरता येतात.

हेडचे तसे नाही. साडेतीन इंची फ्लॉपीवर एका इंचात १३५ ट्रॅक बसतात, म्हणजे दोन ट्रॅकमधील अंतर ०.२ मिलिमीटरहूनही कमी. वरचा हेड जोराने उचलला की जुळणी बिघडते. त्यामुळे हेड फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसावा, त्याचे स्क्रू सैल करू नयेत. दुरुस्तीनंतर पहिली चाचणी बिनकामाच्या फ्लॉपीवर करावी. महत्त्वाच्या फ्लॉपीची कोपऱ्यातील खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिले जात नाही.

यूएसबी ड्राइव्ह का नको?

१.४४ एमबीच्या साध्या फ्लॉपीसाठी तो जरूर वापरावा, ती सोपी वाट आहे. पण सव्वापाच इंची फ्लॉपी त्यात जात नाही आणि काही औद्योगिक यंत्रांचे वेगळे फॉरमॅट त्याला वाचता येत नाहीत. मुरबाड एमआयडीसी किंवा आसनगाव-आटगाव पट्ट्यातील एखाद्या कारखान्यात जुनी सीएनसी मशीन असेल, तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. मशीनमध्ये फ्लॉपी ड्राइव्हऐवजी पेन ड्राइव्ह घेणारे गोटेकसारखे उपकरण बसवता येते. मात्र जुने प्रोग्राम आधी फ्लॉपीवरून काढावेच लागतात. खराब फ्लॉपीतील चुंबकीय नोंद जशीच्या तशी उतरवणारे ग्रीसवीझलसारखे बोर्डही मिळतात. त्यांनाही चालू ड्राइव्ह लागतोच.

फाइल मिळाली की काम संपते का?

नाही. जुन्या मराठी फाइल युनिकोडमध्ये नसतात. मूळ फॉन्टशिवाय पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. फाइल नष्ट झाली असे समजून ती पुसू नये. कोणता फॉन्ट होता ते शोधून मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतो.

मग जबाबदारी कोणाची?

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केले. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू झाले. पण ज्या वस्तूचे उत्पादनच थांबले, तिच्यासाठी कंपनीकडे पाहून उपयोग नाही. इथे स्थानिक कौशल्यच कामी येईल. तालुक्याच्या आयटीआयमध्ये सोल्डरिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना बंद ड्राइव्ह सरावासाठी द्यावेत, त्यातून एक चालू ड्राइव्ह उभा करावा आणि शाळा, ग्रंथालये, पतसंस्थांना आपल्या फ्लॉपी तिथे उतरवून घेता याव्यात. यासाठी मोठा निधी लागत नाही.

फ्लॉपी पुन्हा वापरात आणायची गरज नाही. ती शेवटची एकदा वाचायची आहे. त्यासाठी लागणारा ड्राइव्ह भंगाराच्या काट्यावर फारसा भरत नाही. तो तिथे जाण्याआधी उघडून पाहायला हवा.