पोलीस कुणाचे, पट्टी कुणाची?



मार्च लागला की तालुक्याच्या गावात दोन गोष्टी तापतात, ऊन आणि घरपट्टी. दादर विकायला गेलेला शेतकरी चहाच्या टपरीवर टेकला की शेजारच्या बाकावर हाच विषय. पालिकेने पट्टी वाढवता कामा नये, आणि त्याच दमात, चोऱ्या फार झाल्या, पोलीस वाढवा, कोपऱ्यावर चौकी बसवा. मग कुणीतरी आपल्या धोतराकडे बघून म्हणतो, "यांचं बरं आहे. शेतकऱ्याला करच नाही."

आपण हसून सोडून देतो. सोडू नये.

पहिली गोष्ट म्हणजे शहरातल्या माणसाचा हिशेबच चुकलेला आहे. घरपट्टी जाते पाण्याला, गटारीला, दिवाबत्तीला, झाडूवाल्याच्या पगाराला. पालिका एक साधा शिपाई नेमू शकत नाही. पोलीस हा घटनेने राज्याकडे दिलेला विषय. त्यांचा पगार, त्यांच्या गाड्या, किती माणसे भरायची, हे सारे विधानसभेत गृहखात्याच्या मागण्यांवर ठरते. म्हणजे पट्टी दुप्पट केली तरी शिपाई वाढणार नाही, आणि माफ केली तरी घटणार नाही.

अमेरिकेत शहराचे पोलीस शहराच्या तिजोरीतून पोसले जातात. मिनियापोलिस शहरात मे 2020 मध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस मेला. त्या वर्षाच्या अंदाजपत्रकात पोलिसांचे पैसे किती काढायचे यावर लोकांनी नगरसभेत रात्र जागवली. पुढे नोव्हेंबर 2021 मध्ये पोलीस खातेच बदलावे का, असे लोकांना मतपेटीतून विचारले. बहुमताने नाही म्हटले. निकाल आपल्याला पटो न पटो, कर भरणारा आणि खर्च ठरवणारा तिथे समोरासमोर बसले होते.

आपल्याकडे? पुणे नगरपालिकेत 1876 ते 1882 जोतीबा फुले सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागताला हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणून विरोधात मत देणारे जोतीबा एकटे होते. एकटे का होईना, मत द्यायला सभा तरी होती. 2022 नंतर राज्यातल्या कितीतरी पालिकांना तीही उरली नाही. मुदती संपल्या, निवडणुका रखडल्या त्या डिसेंबर 2025 पर्यंत. तोवर अंदाजपत्रक मांडणारा प्रशासक आणि मंजूर करणाराही प्रशासकच. स्वतःच्या लग्नात स्वतःच भटजी!

आता "शेतकऱ्याला कर नाही" हे. 1 मे 1999 ला पालिकांची जकात उठली. त्याआधी शहरात नेलेल्या मालावर नाक्यानाक्यावर काय जायचे, हे ज्यांच्या दाढ्या पिकल्यात त्यांना विचारा. आज नाका दिसत नाही, एवढाच फरक. कपाशीवर मारायच्या औषधावर 2017 पासून 18 टक्के जीएसटी आहे. हजाराच्या औषधावर 180 रुपये. त्यातले 90 दिल्लीला आणि 90 मुंबईला. व्यापारी हा कर पुढच्या गिऱ्हाइकावर ढकलतो. आपण कपाशी विकताना तो कुणावर ढकलायचा? भाव तर समोरचा ठरवतो. तेव्हा टपरीवरच्या साहेबांना सांगा, ज्या तिजोरीतून तुमच्या चौकीचा शिपाई पगार घेतो, तिच्यात आमच्या फवारणीचे पैसे आहेत.

आणि त्या पैशाचे आपल्याला काय मिळते? विहिरीवरची केबल रात्रीत कापून नेतात. वेचून ठेवलेल्या कपाशीचा ढीग सकाळी खाली बसलेला दिसतो. ठाणे लांब, एक दिवसाची मजुरी बुडवून जायचे, वर "बिल आहे का?" हे ऐकायचे. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, पोलीस अधीक्षकांची कचेरी जवळ आली. पण धडगावच्या वरच्या पाड्यावर रात्री कायद्याच्या नावाने कोण आहे? एकटा पोलीस पाटील, 1967 च्या कायद्याचा, मानधनावरचा.

तरीही मी डोळे मिटून "पोलीस वाढवा" म्हणणार नाही. 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारातच शाळकरी शिरीषकुमारवर गोळी चालली, ती पोलिसांचीच. राज्य बदलले. पण केबल चोरीला गेली की गाडीत डिझेल नसते, आणि शेतकरी रस्त्यावर बसला की त्याच गाड्या रांगेने येतात, हे आपण पाहिले आहे. माणसे किती, याइतकाच ती कुणाच्या कामाला, हाही प्रश्न आहे.

तो विचारायची जागा शहरातल्या माणसापेक्षा आपल्याकडे जास्त आहे, ही गंमत. त्याला पालिकेच्या सभेत बोलायचा हक्क नाही, फार तर गॅलरीत बसेल. आपल्याला ग्रामसभा आहे, वर्षातून निदान चार. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर हा मुलूख तर पेसाखाली आहे. 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी तिथल्या ग्रामपंचायतींना थेट येतो आणि त्याचा आराखडा ग्रामसभेने ठरवायचा. प्रत्यक्षात काय होते? कोरम भरत नाही. सभा तहकूब होते, पुन्हा भरवलेल्या सभेला कोरमची अट नसते, पाच-दहा माणसांत जमाखर्च वाचून होतो. हजेरीची वही नंतर घरोघर फिरते. याचा दोष मुंबईला देता येणार नाही.

1 मेच्या ग्रामसभेला जा. शिवारातल्या रस्त्यावर दिवे का नाहीत आणि पट्टीतला दिवाबत्तीचा पैसा कुठे गेला, हे विचारा. गेल्या वर्षी गावातून किती चोऱ्यांची तक्रार गेली आणि किती नोंदल्या गेल्या, हे पोलीस पाटलाला सभेत उभे राहून सांगू द्या. ग्रामसुरक्षा दल कागदावर आहे की रात्री गस्तीला, तेही. ठराव इतिवृत्तात लिहिला का ते पाहा, मग वहीवर सही करा किंवा अंगठा उठवा.